सॅन होजे शार्क्सच्या पोरांवर एवढा भरवसा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅन होजे शार्क्स हा कॅलिफोर्नियातला आइस हॉकीचा संघ. हे पान २०२५-२६ चा हंगाम तोंडावर असताना लिहिलंय, ‘यंदा’ म्हणजे तोच हंगाम. सलग दोन वर्षं तळाला राहिलेल्या संघाचे चाहते एवढ्या उत्साहात कसे, हा प्रश्न बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजे भागातल्या मराठी मंडळींकडून हमखास येतो. गणपतीच्या पंगतीत, पार्किंग लॉटमध्ये, मुलांना पोहायला सोडताना. त्याची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान.

ही कुठली हॉकी? आपली का?

नाही. खडकीच्या धनराज पिल्लेची हॉकी गवतावरची आणि टर्फवरची, ही बर्फावरची. दोन्ही बाजूंनी पाच-पाच जण स्केट्सवर आणि गोलात एकेक गोलरक्षक. वीस मिनिटांचे तीन पिरियड. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती, तिला पक म्हणतात. खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून धावतात आणि बाकावर परततात, खेळ चालू असतानाच दुसरे उतरतात. नवख्याला पहिले दोन पिरियड पक दिसतच नाही. तिसऱ्यात दिसायला लागतो.

एनएचएल म्हणजे अमेरिका आणि कॅनडातली ३२ संघांची लीग. २०२५-२६ पर्यंत प्रत्येक संघाचे हंगामात ८२ सामने. जिंकलं की दोन गुण, ओव्हरटाइममध्ये हरलं तर एक. निम्मे संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेऱ्यांना जातात आणि शेवटी एकाच्या हातात स्टॅनली कप पडतो. शार्क्सच्या हातात तो कधीच पडलेला नाही.

हा संघ पहिल्यापासूनच रडका आहे का?

मुळीच नाही, आणि जुन्या चाहत्यांना हा प्रश्न झोंबतो. शार्क्स १९९१ साली सुरू झाले. पहिले दोन हंगाम डेली सिटीच्या काऊ पॅलेसमध्ये खेळले आणि त्यातल्या दुसऱ्यात तब्बल ७१ सामने हरले. एका हंगामात इतके पराभव लीगमध्ये दुसऱ्या कुणाच्याच नावावर नाहीत. १९९३ मध्ये संघ सॅन होजेत आला. १९९८ ते २०१९ या काळात फक्त दोनदा, २००३ आणि २०१५ मध्ये, त्यांचं प्लेऑफ हुकलं. २०१६ मध्ये ते थेट अंतिम फेरीत पोचले आणि पिट्सबर्गकडून सहाव्या सामन्यात हरले. जो थॉर्नटन, पॅट्रिक मार्लो, जो पॅव्हेल्स्की या मंडळींचा तो काळ.

२०१९ च्या पहिल्या फेरीत व्हेगसविरुद्धच्या सातव्या सामन्यात शार्क्स तिसऱ्या पिरियडमध्ये ०-३ ने मागे होते. व्हेगसचा एक खेळाडू पाच मिनिटांच्या पेनल्टीमुळे बाहेर असताना त्यांनी चार गोल केले आणि ओव्हरटाइममध्ये सामना ५-४ ने काढला. त्या रात्री आवाज बसलेले लोक अजून त्याच सामन्यावर जगतात. त्यांच्याशी बोलताना जरा सांभाळून घ्या, कारण त्या वर्षानंतर संघ प्लेऑफमध्ये गेलेलाच नाही.

मग घसरण झाली कशी?

वय वाढलेल्या खेळाडूंना लांबलचक करार दिले, हे मुख्य कारण. एनएचएलमध्ये संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. एरिक कार्लसनला २०१९ मध्ये आठ वर्षांचा करार दिला, वर्षाला सरासरी १ कोटी १५ लाख डॉलरचा. ब्रेंट बर्न्स, मार्क-एडवर्ड व्लासिक आणि लोगन कुटूर यांचेही आठ-आठ वर्षांचे करार डोक्यावर होतेच. मग महामारी आली आणि पगाराची मर्यादा ८ कोटी १५ लाखांवर गोठली. खेळाडू म्हातारे होत गेले, पैसे अडकून पडले आणि नवीन कुणाला घ्यायला हातात काही उरलं नाही.

त्यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी. कार्लसनला ओटावाकडून आणताना शार्क्सनी आपली २०२० ची पहिल्या फेरीतली निवड, म्हणजे ड्राफ्टमध्ये नवा तरुण खेळाडू घेण्याचा हक्क (ड्राफ्टबद्दल पुढे), देऊन टाकली होती. आपण वरच्या क्रमांकावरच राहणार, निवड उशिराची असणार, हा हिशोब. संघ कोसळला आणि ती निवड तिसऱ्या क्रमांकाची निघाली. ओटावाने तिच्यावर टिम स्टुट्झल घेतला. तो आज त्यांचा आधारस्तंभ आहे.

‘पुनर्बांधणी’ म्हणजे नेमकं काय केलं?

जे चांगलं होतं ते विकलं. जुलै २०२२ मध्ये माइक ग्रियर जनरल मॅनेजर झाला. एनएचएलच्या इतिहासातला तो पहिला कृष्णवर्णीय जनरल मॅनेजर, आणि स्वतः शार्क्सकडून खेळलेला. त्याने बर्न्सला कॅरोलायनाला पाठवलं, टिमो मायरला न्यू जर्सीला, कार्लसनला पिट्सबर्गला आणि मार्च २०२४ मध्ये टोमास हर्टलला व्हेगसला. कार्लसनने जाण्याआधीच्या हंगामात १०१ गुण काढले होते आणि लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला होता. (खेळाडूचे गुण म्हणजे त्याचे गोल अधिक त्याने करून दिलेले गोल, म्हणजे असिस्ट.) हर्टल तर लोकांचा लाडका. तो व्हेगससारख्या हाडवैऱ्याकडे गेला, तेव्हा अनेकांनी टीव्हीच लावायचा सोडला.

या विक्रीतून काय आलं ते मात्र नीट बघण्यासारखं आहे. मायरच्या बदल्यात मिळालेल्या निवडीतून २०२३ मध्ये क्वेंटिन मस्टी आला. कार्लसनसाठी पिट्सबर्गने जी पहिल्या फेरीतली निवड दिली, ती वापरून शार्क्स २०२४ च्या ड्राफ्टमध्ये अकराव्या क्रमांकावर चढले आणि त्यांनी सॅम डिकिन्सन हा बचावपटू घेतला. हर्टलसाठी व्हेगसने दिलेला डेव्हिड एडस्ट्रॉम हा तरुण खेळाडू आणि पहिल्या फेरीतली निवड, हे दोन्ही ऑगस्ट २०२४ मध्ये नॅशव्हिलला देऊन यारोस्लाव अस्कारोव्ह हा गोलरक्षक आणला. डिकिन्सन आणि अस्कारोव्ह ही नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

ड्राफ्ट आणि लॉटरीची भानगड काय आहे?

आयपीएलच्या लिलावात ज्याच्याकडे पैसा त्याचा खेळाडू. इथे उलटं. दरवर्षी साधारण अठरा वर्षांच्या मुलांमधून संघ ओळीने निवड करतात, सात फेऱ्या, आणि खालच्या संघांना आधी संधी. एकदा निवडलं की पोराचा पहिला करार तीन वर्षांचा आणि पगाराला कमाल मर्यादा. म्हणूनच हिरा सापडला तर तो पहिली तीन वर्षं अक्षरशः स्वस्तात खेळतो.

मुद्दाम हरण्याचा मोह होऊ नये म्हणून वरचे दोन क्रमांक लॉटरीने ठरतात. शेवटच्या संघालाही पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता २५.५ टक्केच असते, पण तो तिसऱ्याच्या खाली घसरत नाही.

शार्क्स मुद्दाम हरले का?

खेळाडू कधीच मुद्दाम हरत नाहीत, पुढच्या कराराची काळजी प्रत्येकाला असते. पण मॅनेजमेंटने असा संघ बर्फावर उतरवला की तो हरणारच होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२३-२४ ची सुरुवात आठवा. पहिल्या अकरा सामन्यांत एकही विजय नाही. नोव्हेंबरमध्ये व्हँकूव्हरकडून १०-१ आणि लगेच पुढच्या सामन्यात पिट्सबर्गकडून १०-२. त्या पिट्सबर्गमध्ये कार्लसन खेळत होता. हंगामाअखेर १९ विजय, ४७ गुण, शेवटचा क्रमांक. तिकिटाचे पूर्ण पैसे घेऊन प्रेक्षकांना हे दाखवणं मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण त्याच वर्षी लॉटरी लागली.

सेलेब्रिनीत एवढं काय आहे?

मॅकलिन सेलेब्रिनी, जन्म जून २००६, नॉर्थ व्हँकूव्हरचा. बॉस्टन युनिव्हर्सिटीकडून एकच हंगाम खेळला, ३८ सामन्यांत ६४ गुण, आणि कॉलेज हॉकीतला सर्वोच्च होबी बेकर पुरस्कार मिळवणारा आजवरचा सगळ्यात लहान खेळाडू ठरला. जून २०२४ च्या अखेरीस लास व्हेगसच्या स्फिअरमध्ये शार्क्सनी पहिल्या क्रमांकावर त्याचं नाव पुकारलं. त्याच दिवसांत सॅन होजेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन भरलं होतं, त्यामुळे आपल्यातल्या अनेकांना ही बातमी पैठण्या-झब्ब्यांच्या गर्दीत फोनवर कळली.

तो अर्धा इथलाच आहे. त्याचे वडील रिक सेलेब्रिनी गोल्डन स्टेट वॉरियर्स या बास्केटबॉल संघाच्या खेळाडूंच्या तब्येतीचं खातं सांभाळतात. त्यामुळे कुटुंब बे एरियात आलं आणि मॅकलिन लहानपणी एक हंगाम ज्युनियर शार्क्सकडून खेळला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सेंट लुईसविरुद्ध त्याचा पहिला सामना झाला. एक गोल, एक असिस्ट. संघ ४-१ ने पुढे होता आणि ओव्हरटाइममध्ये ५-४ ने हरला. पुढचं अख्खं वर्ष थोडंफार असंच गेलं. दुखापतीने बारा सामने हुकूनही त्याने ७० सामन्यांत २५ गोल आणि ३८ असिस्ट, म्हणजे ६३ गुण काढले, तेही लीगमधल्या सगळ्यात दुबळ्या संघाकडून. सर्वोत्तम नवोदिताच्या काल्डर करंडकासाठी शेवटच्या तिघांत होता. तो गेला मॉन्ट्रियलच्या लेन हटसनकडे.

आकड्यांपेक्षा मला एक सवय महत्त्वाची वाटते. गोल करणारी बहुतेक पोरं पक हातातून गेला की ढिली पडतात. सेलेब्रिनी वळून पाठलाग करतो, आपल्या गोलपर्यंत मागे येतो, काठी घालून पक परत काढतो. तीन गोलांनी हरत असतानाही. हे कोचला शिकवावं लागलेलं नाही. म्हणून माझं म्हणणं असं की त्याला ‘उगवता’ म्हणणं आता थांबवायला हवं. तो उगवलाय. प्रश्न बाकीच्यांचा आहे.

विल स्मिथ?

हॉलिवूडचा नव्हे. हा मॅसॅच्युसेट्सचा, २०२३ ची चौथी निवड. बॉस्टन कॉलेजकडून ७१ गुण काढून त्या वर्षी सगळ्या कॉलेज खेळाडूंत पहिला आला. एनएचएलमधले पहिले दोन महिने मात्र अवघड गेले. अंगाने हलका होता, प्रत्येक पकवर जादू करायला जायचा आणि गमवायचा. कोच रायन वॉर्सॉफ्स्कीने त्याला सुरुवातीला पाठोपाठच्या सामन्यांत खेळवलं नाही, मधे विश्रांती देऊन व्यायामावर भर ठेवला. तेव्हा बऱ्याच जणांनी बोटं मोडली. हंगामाच्या उत्तरार्धात त्याचं फळ दिसलं. शेवटी ४५ गुण. त्याचा पास बघायला तिकीट काढावं असा आहे, बचाव अजून कच्चा आहे.

थॉर्नटन आणि मार्लोच्या घरी ही पोरं राहत होती, हे खरं का?

खरं. पहिल्या वर्षी सेलेब्रिनी जो थॉर्नटनच्या कुटुंबात राहिला आणि स्मिथ पॅट्रिक मार्लोच्या. १९९७ च्या ड्राफ्टमध्ये पहिला गेलेला थॉर्नटन आणि दुसरा गेलेला मार्लो, दोघांनी कारकिर्दीची उत्तम वर्षं सॅन होजेत काढली आणि दोघांनाही कप मिळाला नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांच्या हातात अचानक पैसा येतो, तेव्हा घरचं जेवण आणि वेळेवर झोप लावणारं कुणीतरी असावं, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

२०२५ मध्ये पुन्हा शेवटचे येऊनही पहिला क्रमांक हुकला. नुकसान झालं का?

झालं, आणि ‘दुसऱ्या क्रमांकावर मिळालेला मिसाही तितकाच चांगला’ असं म्हणून ते झाकू नये. ५२ गुणांनी पुन्हा तळाला राहूनही लॉटरी लागली न्यूयॉर्क आयलंडर्सना, ज्यांची शक्यता जेमतेम साडेतीन टक्के होती. त्यांनी मॅथ्यू शेफर घेतला. शेफर बचावपटू आहे आणि शार्क्सना नेमका तोच हवा होता.

दुसऱ्या क्रमांकावर शार्क्सनी मायकल मिसा घेतला. ज्युनियर हॉकीत सॅगिनॉकडून ६५ सामन्यांत ६२ गोल आणि १३४ गुण. वेगवान, डोक्याने खेळणारा सेंटर, म्हणजे आघाडीतला मधला खेळाडू. सेलेब्रिनीच्या मागे दुसऱ्या ओळीत असा सेंटर मिळाला की प्रतिस्पर्ध्याला आपला सर्वोत्तम बचाव कुठे लावावा हेच कळत नाही. भाग्यच म्हणायचं. पण आघाडीत गर्दी आणि मागे ओसाड, हे चित्र त्यामुळे आणखी गडद झालं.

मग खरी गोम कुठे आहे?

बचावात आणि गोलात. आघाडीत सेलेब्रिनी, स्मिथ, मिसा, शिवाय गेल्या हंगामात ५८ गुण काढणारा स्वीडनचा विल्यम एकलुंड. पाठोपाठ मस्टी आणि इगोर चेर्निशोव्ह. एवढी श्रीमंती लीगमध्ये फार थोड्यांकडे आहे. पण हॉकीत गोल खाणं थांबवल्याशिवाय काही होत नाही आणि शार्क्स पोत्याने गोल खातात.

म्हणून मी डिकिन्सनकडे डोळे लावून बसलोय. सहा फूट तीन इंच, पाय हलके, कॅनडातल्या लंडन नाइट्स या ज्युनियर संघाकडून २०२४-२५ मध्ये ५५ सामन्यांत ९१ गुण, आणि त्याच संघाबरोबर मेमोरियल कप, म्हणजे कॅनडाच्या ज्युनियर हॉकीचं विजेतेपद. अडचण नियमाची आहे. २०२५-२६ पर्यंतच्या नियमाने, कॅनेडियन ज्युनियरमधून निवडलेला मुलगा विशीच्या आतला असेल, तर त्याला मधल्या लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये पाठवता येत नव्हतं. एक तर थेट एनएचएल, नाही तर परत ज्युनियर. यंदा मिसालाही हाच नियम लागू. ज्युनियरमध्ये आता डिकिन्सनने शिकण्यासारखं काही उरलेलं नाही आणि एनएचएलमध्ये पहिल्या वर्षी तरुण बचावपटूचे धिंडवडे निघतात. तो चुकेल, त्याच्या अंगावर गोल होतील. तरी त्याला खेळवावं, बाकावर सडवू नये.

अस्कारोव्हचं वेगळं आहे. २०२० मध्ये नॅशव्हिलने त्याला अकराव्या क्रमांकावर घेतलं. पुढे नॅशव्हिलने यूसे सारोसला आठ वर्षांचा करार दिल्यावर त्याने आपल्याला दुसरीकडे पाठवा असं सांगितलं. आत्मविश्वास भरपूर, गोल सोडून पुढे येण्याची खोडही भरपूर. गोलरक्षक उशिरा पिकतात, पंचवीस-सव्वीसपर्यंत त्यांचा अंदाज लागत नाही. म्हणून २०२५ मध्ये तिसाव्या क्रमांकावर जोशुआ रेव्हन्सबर्गेन हा आणखी एक गोलरक्षक घेतला, ते बरं झालं.

एवढी गुणी पोरं असूनही फसलेले संघ आहेत ना?

आहेत, आणि त्यांची नावं पाठ असावीत. बफेलोने २०१८ आणि २०२१ मध्ये पहिला क्रमांक मिळवला, त्याआधी २०१५ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर जॅक आयकल घेतला. तरी २०११ नंतर २०२५ पर्यंत प्लेऑफ नाही. आयकलचं मानेच्या शस्त्रक्रियेवरून क्लबशी बिनसलं, तो व्हेगसला गेला आणि २०२३ मध्ये तिथे कप जिंकला. एडमंटनला २०१० पासून सलग तीन वर्षं पहिला क्रमांक मिळाला, २०१५ मध्ये चौथ्यांदा मिळाला तेव्हा कॉनर मॅकडेविड आला. तरी २००६ नंतर त्यांनी प्लेऑफ पाहिलं ते थेट २०१७ मध्ये.

उलट शिकागो. जोनाथन टेव्स २००६ मध्ये, पॅट्रिक केन २००७ मध्ये, आणि २०१०, २०१३, २०१५ असे तीन कप. सगळे टेव्स-केनचं नाव घेतात, पण त्यांच्या मागे डंकन कीथ आणि ब्रेंट सीब्रुक आधीपासून तयार होत होते. कीथ तर दुसऱ्या फेरीतला, ५४ वा. शार्क्सची पोरं बफेलोच्या वाटेने जाणार की शिकागोच्या, हे माझ्या मते सेलेब्रिनी १०० गुण काढतो का यावर ठरणार नाही. डिकिन्सन आणि लुका कॅग्नोनीसारखे बचावपटू दोन वर्षांत कुठे पोचतात, यावर ठरेल.

पहिल्या फेरीतलेच खेळाडू का मोजता?

सवय. खुद्द पॅव्हेल्स्की २००३ च्या ड्राफ्टमध्ये २०५ वा होता. २०२५-२६ च्या संघातला कॉलिन ग्राफ तर कुणी निवडलाच नव्हता, क्विनिपिॲक युनिव्हर्सिटीतून तो थेट करारावर आला.

पोरांना संधी द्यायची, तर तिशी-पस्तिशीचे खेळाडू कशाला आणले?

टायलर टोफोलीने गेल्या हंगामात ३० गोल केले, पोरांच्या अंगावरचा भार कमी झाला. यंदा दिमित्री ऑर्लोव्ह, जॉन क्लिंगबर्ग, निक लेडी हे अनुभवी बचावपटू आलेत. पगाराची जशी कमाल मर्यादा असते तशी किमानही असते, तीही गाठावी लागते. करार छोटे आहेत हे महत्त्वाचं, २०१९ ची चूक पुन्हा केलेली नाही. खटकतं ते एवढंच, की ऑर्लोव्ह-लेडीच्या गर्दीत डिकिन्सनला मिनिटं कुठून मिळणार?

प्लेऑफ कधी?

यंदा नाही. सत्तर गुणांच्या पुढे गेले तरी प्रगती म्हणा. २०२६-२७ मध्ये एप्रिलपर्यंत शर्यतीत राहिले नाहीत, तर मीही ग्रियरच्या नावाने ओरडायला लागेन.

मुलाला किंवा मुलीला हे खेळायला घालावं का?

खर्चिक आहे आणि पहाटेचे सराव असतात, हे आधी ऐकून घ्या. आधी नुसतं स्केटिंग शिकवा. सॅन होजेतल्या शार्क्स आइसमध्ये नवशिक्यांचे वर्ग असतात. तिथेच शार्क्सचा संघही सराव करतो. मुलांना रुचलं तर पुढे हॉकीचं बघता येतं, आणि रुचलं नाही तर निदान हेल्मेट-पॅडचा खर्च वाचतो.

पहिल्यांदा सामना बघायचा आहे. कुठून सुरुवात करू?

सॅप सेंटरला जायचं तर कॅलट्रेनने दिरिदॉन स्टेशनला उतरा, रस्ता ओलांडला की स्टेडियम. गाडी नेऊ नका. सामन्याआधी छतावरून शार्कचं भलंमोठं डोकं खाली येतं आणि त्याच्या जबड्यातून खेळाडू बर्फावर येतात. लहान मुलं असतील तर तेवढ्यासाठी वेळेवर पोचा. आत थंडी असते, जॅकेट हवंच.

पण माझं ऐकाल तर आधी बॅराकुडाचा सामना बघा. हा शार्क्सचा एएचएलमधला संघ, शार्क्स आइसला लागूनच असलेल्या टेक सीयू अरीनात खेळतो. जेमतेम चार हजारांवर खुर्च्या आहेत, कुठूनही पक दिसतो आणि तिकीट बरंच स्वस्त. बहुतेक संघांची अशी पोरं दुसऱ्या गावात, कधी दुसऱ्या राज्यात तयार होतात. आपल्याकडे ती त्याच शहरात, काही मैलांवर. यंदा मस्टी, चेर्निशोव्ह, कॅग्नोनी या तिघांपैकी जो शार्क्सच्या संघात नसेल तो तिथे दिसेल. काचेला लागून कोपऱ्यातली जागा घ्या.